दुःस्वप्ननगरीतील नोकरदार : कुमारवयातील एका वाचनाचा दीर्घ परिणाम

स्मरणिकेसाठी लेख देण्याचा संपादक मंडळाचा आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी मी मधुमेह, रक्तदाब अथवा वार्धक्यातील आहार यांपैकी एखादा विषय घेऊन त्या ऋणातून मुक्त होतो. यंदाचा विषय मात्र वेगळा आहे. तो वैद्यकाचा नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु शेवटी तो आपल्याच टेबलापाशी येऊन थांबतो, असा माझा अनुभव आहे.

निमित्त असे घडले. काही महिन्यांपूर्वी आपल्याच समाजातील एक डॉक्टर दांपत्य त्यांच्या तेरा वर्षांच्या कन्येस घेऊन माझ्याकडे आले. (त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने मी हे लिहीत आहे.) मुलीला तीन आठवड्यांपासून रात्री नीट झोप लागत नव्हती. तपासणीत काही दोष आढळला नाही. बोलता बोलता कळले, की शाळेच्या ग्रंथालयातून आणलेली लोइस लॉरी यांची 'द गिव्हर' ही कादंबरी तिने वाचली होती. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकास १९९४ साली अमेरिकेतील बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले. त्यात एक अत्यंत शिस्तबद्ध, दुःखरहित वसाहत आहे. नायक जोनास हा बारा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील तान्ह्या बाळांची निगा राखणारे, हसतमुख, प्रेमळ गृहस्थ. या वसाहतीत नको असलेल्या माणसाला 'मुक्त' करण्यात येते. एके दिवशी जोनासला दिसते, की आपले वडील जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाशी लाडिक आवाजात बोलत त्याला सुई टोचतात आणि बाळ निश्चल होते. 'मुक्त करणे' या शब्दाचा अर्थ त्याला त्या क्षणी कळतो.

आमच्या या मुलीचे वडील बालरोगतज्ज्ञ आहेत. पुस्तक वाचल्यापासून ती त्यांच्या दवाखान्यात पाऊल टाकीनाशी झाली होती.

आई म्हणाली, "सर, असली पुस्तकं घरात येऊच देऊ नयेत का?" वडील म्हणाले, "सर, गोष्ट आहे ती. चार दिवसांत विसरेल." मुलगी एवढेच म्हणाली, "आजोबा, त्याचे बाबा वाईट नव्हतेच. मग त्यांनी तसं का केलं?"

आईच्या व वडिलांच्या म्हणण्याला उत्तर देणे सोपे होते. मुलीच्या प्रश्नापाशी मी अडलो. कारण तोच प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी मला पडायला हवा होता आणि पडला नव्हता.

संज्ञा आणि परंपरा

थॉमस मोर यांनी १५१६ साली 'यूटोपिया' लिहून आदर्श राज्याच्या कल्पनेला नाव दिले. तिच्या उलट अर्थाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश संसदेतील एका भाषणात योजला. त्यातील 'डिस्' हा उपसर्ग आपणा वैद्यकांना परका नाही. डिस्प्निया, डिस्फेजिया, डिस्युरिया हे शब्द आपण रोज लिहितो. डिस्प्नियात श्वास थांबलेला नसतो. तो चालू असतो, पण कष्टाने. या कथांतील समाजही कोसळलेला नसतो. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्या भरतात, कागद वेळच्या वेळी पुढे सरकतात. फक्त जगणे विकृत झालेले असते. प्रस्तुत लेखात मी अशा समाजाला 'दुःस्वप्ननगरी' म्हणतो.

या परंपरेतील ठळक टप्पे थोडक्यात असे : येवगेनी झाम्यातिन यांची १९२०-२१ मध्ये लिहिलेली 'वुई' (लेखकाच्या स्वतःच्या देशात ती १९८८ साली प्रसिद्ध होऊ शकली), ऑल्डस हक्सली यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२), जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९), रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३), काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' (२००५) आणि आजच्या मुलांना ठाऊक असलेली सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' (२००८).

इंदूर, १९७६

मी चौदा वर्षांचा असताना खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ऑर्वेलची कादंबरी दीड रुपयास विकत घेतली. नावात वर्ष होते, म्हणून ती भविष्यकथा असेल असे वाटले. इंग्रजी बेताचे होते. शेजारी शब्दकोश ठेवून, पेन्सिलीने अर्थ लिहीत, ती वाचायला मला दीड महिना लागला. एवढ्या सावकाश वाचलेले पुस्तक अंगात मुरते.

देशात तेव्हा आणीबाणी होती. २५ जून १९७५ रोजी ती जाहीर झाली होती. आणि २५ जून ही ऑर्वेलची जन्मतारीख, तीही बिहारमधील मोतीहारीची, हे मला पुष्कळ पुढे कळले. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. काही पत्रांनी प्रारंभी संपादकीयाची जागा कोरी सोडली होती, ती मी वडिलांच्या मांडीशी बसून पाहिली होती.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरी करतो. त्याचे काम असे, की सत्ताधाऱ्यांचे जुने भाकीत चुकले किंवा एखादा माणूस नकोसा झाला, तर जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर नव्याने लिहायचा आणि मूळ कागद भिंतीतील एका भोकात टाकायचा. भोकातून तो भट्टीत जातो. छळाची वर्णने मला भयंकर वाटली खरी, पण माझी झोप उडवली ती या भोकाने. आमच्या माळ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत. मी ते रद्दीवाल्याला देऊ देईना. आई वैतागून म्हणे, "अरे, घर आहे की गोदाम?" कारण सांगण्याची मला लाज वाटे.

वडील शिक्षक होते. मी एकदा धीर करून त्यांना विचारले, "दादा, आपल्याकडेही कागद बदलतात का?" त्यांनी खिडकी लावून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत." त्यांचा हेतू मला जपण्याचा होता. परंतु खिडकी लावण्याच्या त्या कृतीने कादंबरीतील प्रत्येक ओळ माझ्यापुरती खरी ठरली. पुस्तकाइतकाच परिणाम त्याविषयी न झालेल्या बोलण्याचाही होतो, हे निरीक्षण मी येथे नोंदवून ठेवतो.

काका

माझे धाकटे काका तेव्हा निमाडातील एका तालुक्याच्या गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची सक्ती ऐन भरात होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, अशी नोंद पुढे शहा आयोगाच्या अहवालात आली. त्या दिवाळीला काका घरी आले, तेव्हा जेवताना 'केसेस' आणि 'टार्गेट' हे दोन शब्द त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होते. माणसांना केस म्हणणे आणि माणसांच्या मोजणीला टार्गेट म्हणणे मला ऑर्वेलच्या त्या नव्या छाटलेल्या भाषेसारखे वाटले. मी सर्वांदेखत म्हणालो, "काका, तुम्ही त्या पुस्तकातलेच आहात."

कोणाला काही कळले नाही. काकांना मात्र कळले असावे. त्यांनी हात धुतला आणि ते ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर बावीस वर्षे आम्ही त्याविषयी बोललो नाही.

त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. पुस्तकाने मला अन्याय ओळखायला शिकवले, असे मी समजत होतो. ते अर्धेच खरे होते. पुस्तकाने मला बाहेरचा अन्याय ओळखायला शिकवले होते. जगाची दोन टोपल्यांत वाटणी करून मी स्वतःला चांगल्या टोपलीत आधीच ठेवून दिले होते.

एक रात्र

आता जे लिहितो ते आजवर मी कोठे लिहिलेले नाही. १९८६ साली, चोवीस वर्षांचा असताना, मी एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झालेली एक तरुण स्त्री रात्री वॉर्डात होती. मला येत होते ते सर्व मी केले : ऑक्सिटोसिन, मेथर्जिन, गर्भाशयाचे मर्दन, रक्ताची धावाधाव. वरिष्ठांना पहिला निरोप मी २ वाजून ४० मिनिटांनी पाठवला आणि तशी नोंद केली. ते ४ वाजून १० मिनिटांनी आले. पहाटे ती स्त्री गेली. बाळ वाचले.

सकाळी मला खोलीत बोलावण्यात आले. कोणी ओरडले नाही, धमकावले नाही. अतिशय शांतपणे सांगण्यात आले, की केसपेपर अस्वच्छ झाला आहे, तो नीट उतरवून काढावा आणि निरोपाची वेळ ३ वाजून ५० मिनिटे अशी लिहावी. "असंच करायचं असतं. तुला पुढे परीक्षा द्यायची आहे ना?" एवढेच शब्द होते. मी नवा कागद घेतला. माझे अक्षर चांगले आहे. जुना कागद फाडून टेबलाखालच्या टोपलीत टाकताना मला ते भिंतीतले भोक आठवले, आणि तरीही मी तो टाकला.

बाहेर तिचा पती उभा होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "साब, आपने बहुत किया." वरिष्ठ वेळेवर आले असते तर ती वाचली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण तो प्रश्न विचारण्याचा हक्क त्या माणसाला होता, आणि तो हक्क मी कागदाबरोबर फाडला.

त्या आठवड्यात मी ती कादंबरी पुन्हा वाचली. चौदाव्या वर्षी न दिसलेली एक गोष्ट आता पानोपानी दिसली. विन्स्टन स्मिथ हा केवळ बळी नाही. तो त्या खोट्याच्या कारखान्यातला कुशल कारागीर आहे. त्याला आपले काम चांगले येते. इतकेच नव्हे, एखादा कठीण मजकूर बेमालूम बदलण्यात त्याला आनंदही वाटतो. मी त्याला दहा वर्षे केवळ नायक समजत आलो होतो. तो कारकून होता, आणि त्याचे अक्षर चांगले होते.

कुमारवयातील त्या वाचनाने मला त्या सकाळी चूक करण्यापासून वाचवले का? नाही. साहित्याच्या बाजूने मोठे दावे करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र त्या वाचनामुळे मी काय केले त्याला 'कागद स्वच्छ करणे' असे नाव देऊन झोपी जाणे मला शक्य झाले नाही. परिणाम झाला तो एवढाच. पण पुढची जवळजवळ चाळीस वर्षे त्यानेच मला धरून ठेवले.

नायक कोण असतात?

या दृष्टीने पाहू लागल्यावर संपूर्ण परंपरा मला वेगळी दिसू लागली. झाम्यातिनचा नायक राज्याचे अवकाशयान बांधणारा अभियंता आहे. ब्रॅडबरीचा माँटॅग पुस्तके जाळणाऱ्या खात्यात नोकरीला आहे. हक्सलीची कादंबरी कृत्रिम गर्भधारणेच्या प्रयोगशाळेत सुरू होते. तेथील संचालक विद्यार्थ्यांना आपल्या राउंडसारखा फिरवीत सर्व समजावून सांगतो, आणि प्रमुख पात्रांपैकी बर्नार्ड मार्क्स हा मानसशास्त्राचा तज्ज्ञ आहे. इशिगुरोची कॅथी ही अवयव काढून घेण्यासाठी वाढविलेल्या माणसांची शुश्रूषा करणारी 'केअरर' आहे. त्या जगात दाता मेला असे म्हणत नाहीत, त्याचे 'पूर्ण झाले' म्हणतात. ही सारी माणसे यंत्रणेची नोकरदार आहेत. अपवाद अर्थातच आहेत. मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल' (१९८५) मधील नायिका नोकरदार नाही, ती बंदिनी आहे. पण पांढऱ्या कोटातील वा गणवेशातील सज्जन माणूस या कथांच्या मध्यभागी वारंवार उभा असतो, आणि हा योगायोग नसावा.

हे लेखक वैद्यकाच्या जवळचेही होते. हक्सलीला डॉक्टर व्हायचे होते; सोळाव्या वर्षी डोळ्यांच्या आजाराने दृष्टी अधू झाल्याने ते राहिले. त्याने काही काळ ईटन येथे फ्रेंच शिकवले, तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांत एरिक ब्लेअर होता, तोच पुढचा ऑर्वेल. ऑर्वेलने रुग्णालय खाटेवरून पाहिले. १९२९ साली न्यूमोनिया होऊन तो पॅरिसच्या एका धर्मादाय रुग्णालयात पडला होता. तेथे विद्यार्थी रांगेने त्याची छाती ऐकत, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नसत. त्यावर त्याने १९४६ साली 'हाऊ द पुअर डाय' हा लेख लिहिला. प्रत्येक निवासी डॉक्टरने तो वाचावा असा आहे. पुढे क्षयाने तो १९४७-४८ मध्ये ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात होता. अमेरिकेतून मागवलेले, तेव्हा अगदी नवे असलेले स्ट्रेप्टोमायसिन त्याला देण्यात आले. परंतु त्वचा, तोंड, नखे व केस यांवर तीव्र प्रतिक्रिया उमटल्याने ते थांबवावे लागले. आजारपणातच कादंबरी पुरी झाली. ८ जून १९४९ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, फुप्फुसातील रक्तस्रावाने तो लंडनमध्ये मरण पावला.

कथा कल्पित असतात, पण पांढरे कोट कल्पित नव्हते. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ज्या १९३२ साली आली, त्याच वर्षी अमेरिकेतील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास सुरू झाला. त्यांना 'बॅड ब्लड' म्हणजे रक्त बिघडले आहे, एवढेच सांगण्यात आले आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. हा अभ्यास १९७२ पर्यंत चालला. जर्मनीत १९३९ पासून अपंग व मनोरुग्णांची पद्धतशीर हत्या झाली. १९४१ पर्यंत पहिल्या टप्प्यातच ७० हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि त्याला 'दयामृत्यू' असे नाव होते. सोव्हिएत संघात सरकारविरोधी मत मांडणाऱ्यांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया'चे निदान चिकटवले जाई. त्यावरून वाद होऊन १९८३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांची संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली. प्रत्येक ठिकाणी आधी एक सोयीस्कर शब्द आला, मग एक नोंद आली, आणि ती नोंद करणाऱ्या हाताला आपण काही भयंकर करीत आहोत असे वाटत नव्हते.

संशोधन काय सांगते?

साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी उत्तरायुष्यात प्रमाणाबाहेर ठळक राहतात, हे स्मृतिविषयक अभ्यासात वारंवार आढळले आहे. भावनांशी निगडित मेंदूची केंद्रे कुमारवयात जोमाने काम करीत असतात, तर विवेक व संयम यांच्याशी संबंधित अग्रभागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. तेव्हा या वयात वाचलेले भय खोलवर जाते आणि त्याचे माप घेण्याची क्षमता मात्र मागून येते.

याच वाङ्मयप्रकारावर कॅल्व्हर्ट जोन्स व सेलिया पॅरिस या अमेरिकेतील दोघा अभ्यासकांनी तीन प्रयोग केले. ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. अशा कथांनी वाचकाचा शासनावरील विश्वास उडतो असा सर्वसाधारण समज आहे. त्याला या प्रयोगांत पुष्टी मिळाली नाही. उलट, अन्यायाविरुद्ध टोकाची, विशेषतः हिंसक, कृती समर्थनीय मानण्याकडे कल वाढल्याचे सातत्याने आढळले. हा निष्कर्ष वाचताना मला दिवाळीच्या पंगतीतला चौदा वर्षांचा मुलगा आठवला. माझी हिंसा शब्दांची होती, आणि ती एका माणसाच्या वर्मी लागली होती.

काकांची नोंदवही

निवृत्तीनंतर, १९९८ साली, काकांनी आपण होऊन तो विषय काढला. शिबिरात गाडी भरून आणलेल्या माणसांत साठी उलटलेले म्हातारे असत, लग्न न झालेली पोरे असत. काका त्यांना टेबलावरून परत पाठवीत आणि नोंदवहीत लिहीत : हर्निया, ताप, रक्ताल्पता. "मीही खोट्या नोंदी केल्या, बाळ," ते म्हणाले. "फक्त उलट्या बाजूने. पण सगळ्यांना परत नाही पाठवता आलं. नोकरी होती, पोरं लहान होती. तू तेव्हा म्हणालास ते काही अगदी चूक नव्हतं."

मी त्यांना १९८६ ची रात्र सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपण दोघेही त्या पुस्तकातलेच." माझ्या शब्दाबद्दल मी क्षमा मागितली. ती बावीस वर्षे उशिरा मागितली, याचा खेद आजही आहे.

पालक व सहव्यवसायींसाठी

या साऱ्यातून माझ्यापुरते जे निष्कर्ष निघाले, ते सूत्ररूपाने देतो.

१. बंदी घालू नये. मूल पुस्तक लपवून वाचेल, आणि लपवण्यानेच भय दुणावेल. माझ्या घरात पुस्तकाला बंदी नव्हती, बोलण्याला होती. नुकसान तिनेच केले.

२. 'नुसती गोष्ट आहे' असेही म्हणू नये. मुलांना ते खोटे आहे हे कळते.

३. आपण स्वतः ते पुस्तक वाचावे. साधारणतः त्याला दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

४. 'दुष्ट कोण?' या प्रश्नावर चर्चा थांबवू नये. 'तू तिथे नोकरीला असतास तर काय केलं असतंस?' हे विचारावे, आणि आपण कोठे चुकलो ते आधी सांगावे.

५. झोप, भूक वा शाळा यांवरील परिणाम दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो केवळ वाचनाचा मानू नये. त्यामागे अन्य चिंता असू शकते. योग्य सल्ला घ्यावा.

६. सहव्यवसायींना विनंती, की केसपेपरवर खाडाखोड करू नये. चुकले तर एकच रेघ मारावी, खालचे अक्षर वाचता यावे, शेजारी वेळ व सही असावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे सांगितले आहे. नियम किमान असतो. कागद रुग्णाचाही असतो, ही जाणीव त्याहून मोठी.

७. आपल्या बोलण्यातील शब्द अधूनमधून तपासावेत. 'चौदा नंबरचा हर्निया', 'या महिन्याचे टार्गेट', 'ऐकत नाही असला पेशंट' हे शब्द निरुपद्रवी वाटतात. निमाडातील शिबिरातही ते तसेच वाटत होते.

समारोप

त्या दिवशी मुलीला मी लगेच उत्तर दिले नाही. तिला आणि तिच्या आईवडिलांना पुढच्या आठवड्यात घरी बोलावले आणि तिघांसमोर १९८६ ची रात्र सांगितली. मग तिला म्हणालो, "वाईट माणसं जगात थोडीच असतात, बाळ. पण 'असंच करायचं असतं' म्हटल्यावर मान हलवणारी चांगली माणसं पुष्कळ असतात. जोनासचे बाबा त्यांतले. एका सकाळी मीही त्यांतलाच होतो."

ती काही बोलली नाही. तिचे वडीलही गप्प होते. पुढच्या रविवारी ते तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि त्यांनी तिला आपले जुने रजिस्टर दाखवले. त्यात एका पानावर औषधाची मात्रा चुकीची लिहिलेली होती. तिच्यावर एक रेघ, खाली दुरुस्ती, वेळ आणि त्यांची सही होती. ते बाळ आज शाळेत जाते, असे त्यांनी तिला सांगितले. ती रेघ तिने बराच वेळ पाहिली, असे तिच्या आईने मला फोनवर कळवले. झोप हळूहळू पूर्ववत झाली. पुस्तक परत करण्याची मुदत संपली होती. ती तिने वाढवून घेतली आणि आता ते तिचे वडील वाचत आहेत.

माझ्या खजुरी बाजारातल्या प्रतीची पाने आता पिवळी पडली आहेत. पेन्सिलीने लिहिलेले अर्थ अजून वाचता येतात. काही चुकलेले आहेत. मी ते पुसलेले नाहीत. चुकीवर एक रेघ मारून शेजारी बरोबर अर्थ लिहिला आहे.